चौकातले ३६०० सेकंद वाटायचे कसे?

सिग्नलबद्दलची तक्रार कुठल्याही चौकात एकच असते: आमच्या बाजूचा हिरवा कमी पडतो, तो वाढवा. नागपूरच्या पंचशील चौकात धंतोलीकडून येणारा हेच म्हणतो, रामदासपेठेकडून येणाराही हेच म्हणतो आणि वर्धा रोडवर दोन्ही दिशांनी उभे असलेलेही हेच म्हणतात. चौघांचंही म्हणणं त्यांच्या जागेवरून खरं असतं. पण तासात सेकंद ३६००च. एका बाजूला वाढवून दिलेला सेकंद दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्यातून जातो. हे वाटप अंदाजाने न करता मोजून करण्याचं शास्त्र गेल्या शतकाच्या मध्यापासून उपलब्ध आहे, आणि ते समजायला शाळेतलं गणित पुरतं. ते समजलं की एक मोठा गैरसमज दूर होतो: सिग्नल जितका लांब, तितकी जास्त वाहनं निघतात, हा.

आधी वाया जाणाऱ्या सेकंदांबद्दल. हिरवा दिवा लागला तरी पहिली गाडी त्याच क्षणी निघत नाही. दिवा पाहायचा, गिअर टाकायचा, समोरच्याने हलायचं, यात साधारण दोन सेकंद जातात. मग रांग सुरळीत वाहू लागते. शेवटी पिवळा येतो आणि त्यानंतर चारही बाजूंना क्षणभर लाल राहतो, म्हणजे चौकाच्या मधोमध असलेली वाहनं बाहेर पडावीत. हे सगळं धरलं तर एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे पाळी जाताना सुमारे पाच सेकंद कुणाच्याच कामी येत नाहीत. लग्नात एक पंगत उठून दुसरी बसेपर्यंत जसा वेळ जातो, तसंच हे. पानं किती वाढली यावर तो वेळ अवलंबून नसतो, पंगती किती उठवल्या यावर असतो.

म्हणजे पाळ्या कमी वेळा बदलल्या, प्रत्येक पाळी लांब ठेवली, तर नुकसान कमी? इथपर्यंत बरोबर. आता आकडे बघू. चार बाजूंना एकेक पाळी, प्रत्येक बदलात ५ सेकंद, म्हणजे एका फेरीत २० सेकंद वाया. सगळ्या बाजू एकदा होऊन पुन्हा पहिली येईपर्यंतच्या वेळेला सिग्नलवाले ‘सायकल’ म्हणतात. सायकल ६० सेकंदांची असेल तर कामाचे ४० सेकंद उरतात, म्हणजे ६७ टक्के. १२० ची केली तर १०० उरतात, ८३ टक्के. ही वाढ घेण्यासारखी आहे. पण तिथून पुढे २४० ची केली तर कामाचा वेळ ९२ टक्क्यांवर जातो, म्हणजे फक्त नऊ टक्क्यांची भर पडते, आणि लाल दिव्यासमोर उभं राहणं मात्र जवळपास दुप्पट होतं. सायकल सहसा १२० सेकंदांच्या पुढे नेऊ नये, असा अभियंत्यांमध्ये सर्वसाधारण संकेत आहे तो यामुळेच. त्यापलीकडे चौकाला मिळतं थोडंसं आणि थांबणाऱ्याचं जातं खूप.

वेबस्टरचं सूत्र

१८६८ साली लंडनमध्ये ब्रिटिश संसदेबाहेर पहिला सिग्नल बसला. तो गॅसवर जळायचा आणि काही आठवड्यांतच त्याचा स्फोट झाला. विजेचे सिग्नल १९१४ नंतर अमेरिकेत पसरले. पण किती सेकंद द्यायचे याचं नीट गणित १९५८ मध्ये आलं. ब्रिटनच्या रोड रिसर्च लॅबोरेटरीतल्या एफ. व्ही. वेबस्टर यांनी एक सूत्र मांडलं आणि आजही जगभर सिग्नलचा पहिला अंदाज त्याच सूत्राने काढतात.

त्याला दोनच गोष्टी लागतात. पहिली, एका फेरीत एकूण किती सेकंद वाया जातात. दुसरी, प्रत्येक बाजूवर तिच्या ताकदीच्या मानाने किती भार आहे. ताकद म्हणजे मागे रांग असताना आणि दिवा सतत हिरवा असता तर त्या बाजूने तासाला किती वाहनं निघाली असती, ती संख्या. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसचा जुना ठोकताळा असा, की रस्त्याच्या त्या बाजूची रुंदी मीटरमध्ये घ्यायची आणि ५२५ ने गुणायची. सात मीटर रुंद बाजू म्हणजे तासाला ३६७५ कार. स्कूटर, ऑटो, आपली बस यांना कारच्या मापात बदलून घेतात. दुचाकी साधारण अर्ध्या कारएवढी किंवा त्याहून कमी धरतात, बस एकाहून जास्त. भारतीय रहदारीसाठी सेंट्रल रोड रिसर्च इन्स्टिट्यूटने २०१७ मध्ये इंडो-एचसीएम ही संहिता काढली आणि त्यात हे आकडे आपल्या मिसळलेल्या रहदारीप्रमाणे सुधारून दिले. दुचाकींच्या नागपुरात ही सुधारणा महत्त्वाची आहे, कारण आपल्याकडे दुचाकी रांगेतल्या फटींतून पुढे येऊन स्टॉप लाइनवर गोळा होतात आणि हिरवा लागताच पहिल्या काही सेकंदांत घोळक्याने निघून जातात. लेनमध्ये शिस्तीने उभ्या कारसाठी केलेलं गणित इथे जसंच्या तसं बसत नाही.

एक काल्पनिक चौक घेऊ. प्रत्येक बाजू सात मीटर. मुख्य रस्त्याच्या एका दिशेने संध्याकाळी तासाला ११०० कारएवढी रहदारी, समोरून ९२०, आणि दोन्ही आडव्या बाजूंनी ३७०-३७०. ताकद ३६७५. भागाकार केला तर भार येतात ०.३०, ०.२५, ०.१० आणि ०.१०. बेरीज ०.७५. म्हणजे चौकाचा तीन चतुर्थांश वेळ नुसती वाहनं काढायलाच लागणार. वेबस्टर सांगतात: वाया वेळेची दीडपट करा, त्यात ५ मिळवा, आणि १ मधून ही बेरीज वजा करून जे उरेल त्याने भागा. २० ची दीडपट ३०, अधिक ५ म्हणजे ३५. त्याला ०.२५ ने भागलं की १४० सेकंद. त्यातले २० वाया गेले, उरलेले १२० भाराच्या प्रमाणात वाटले की ४८, ४०, १६ आणि १६. झालं वाटप.

आता बेरीज ०.७५ ऐवजी ०.८५ झाली, असं समजा. दिवाळीच्या आठवड्यात बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, होतंच तसं. सूत्र २३३ सेकंद सांगतं. ०.९५ झाली तर ७०० सेकंद. आणि १ झाली की भागाकारच होत नाही. तिथे सूत्र स्पष्ट सांगतं आहे की आता कितीही सेकंद फिरवा, हा चौक एवढी वाहनं काढू शकत नाही. अशा जागी हिरवा वाढवण्यासाठी भांडणं व्यर्थ आहे. रस्त्याच्या तोंडाशी उभे असलेले ऑटो, दुकानासमोर लावलेल्या गाड्या, चौकाला चिकटून असलेला बसथांबा हलवला तर रुंदी वाढते आणि रुंदी वाढली की भार उतरतो. सात मीटरपैकी दोन मीटर पार्किंगने खाल्ले तर त्या बाजूची ताकद ३६७५ वरून २६२५ वर येते. सिग्नलच्या पेटीत बसून हे कुणी दुरुस्त करू शकत नाही.

वेबस्टर यांनी आणखी एक गोष्ट दाखवली होती, तिच्याकडे फार कमी लक्ष जातं. सूत्राने काढलेली सायकल पाऊणपट ते दीडपट या मर्यादेत कुठेही ठेवली तरी वाहनांचा एकूण खोळंबा १० ते २० टक्क्यांपेक्षा जास्त वाढत नाही. म्हणजे आपल्या चौकात १४० च्या जागी १०५ ठेवले तरी फारसं बिघडत नाही. माझं ठाम मत आहे की ही मोकळीक नेहमी खालच्या बाजूला वापरावी. कारण या हिशोबात फक्त वाहनांचा खोळंबा मोजला आहे. पायी चालणारा त्यात नाही, आणि नागपूरचा मे महिनाही नाही.

मे महिन्याचं वेगळं बघायला हवं. पारा ४५ च्या आसपास असताना दुपारी दुचाकीवर दोन मिनिटं उभं राहणं हा आरोग्याचा प्रश्न आहे. नागपुरात सिग्नलपाशी हिरव्या जाळ्या बांधून सावली केली जाते, दुपारी काही सिग्नल बंदही ठेवले जातात. जाळी चांगलीच. सिग्नल बंद ठेवण्यापेक्षा मात्र दुपारचं वेगळं वेळापत्रक बरं, असं गणित सांगतं. दुपारी रहदारी ओसरून भारांची बेरीज ०.४० झाली, तर ३५ भागिले ०.६०, म्हणजे ५८ सेकंद. आडव्या बाजूंना किमान दहा सेकंद तरी मिळावेत म्हणून ७० धरा. संध्याकाळच्या वेळापत्रकात आडव्या रस्त्यावरच्या माणसाला जास्तीत जास्त १२४ सेकंद थांबावं लागत होतं, दुपारच्या वेळापत्रकात ६०. सिग्नलच्या पेटीत दिवसाच्या वेगवेगळ्या वेळांसाठी वेगवेगळी वेळापत्रकं भरून ठेवता येतात. त्यासाठी कुठलाही नवा शोध लागत नाही. फक्त दुपारची गणती कुणीतरी करायला हवी.

पाळ्या किती, हा खरा प्रश्न

वरच्या उदाहरणात चारही बाजू एकापाठोपाठ एक सोडल्या. आपल्याकडे बहुतेक मोठ्या चौकांत असंच चालतं आणि त्यामागे कारण आहे. आपण डाव्या बाजूने चालवतो, त्यामुळे उजवीकडे वळणारा समोरून येणाऱ्याच्या आडवा जातो. एका वेळी एकच बाजू सोडली की ही टक्कर टळते. पण त्याची किंमत मोठी आहे.

समजा समोरासमोरच्या दोन बाजू एकत्र सोडल्या, उजवीकडे वळणाऱ्यांना वेगळी रांग आणि वेगळा बाण दिला. आता पाळ्या तीन: मुख्य रस्ता सरळ, मुख्य रस्त्यावरून उजवीकडे, आणि आडवा रस्ता. वाया वेळ २० वरून १५ वर आला. दोन दिशा एकत्र सुटत असल्याने दोघींपैकी जड असलेलीच मोजायची, म्हणजे ०.३० आणि ०.१०, वर वळणाऱ्यांसाठी समजा ०.१०. बेरीज ०.५०. सूत्र म्हणतं ५५ सेकंद. तीच वाहनं, तोच चौक, आणि १४० चे ५५ झाले. सेकंद इकडून तिकडे सरकवून एवढा फरक कधीच पडत नाही. सिग्नल सुधारणं म्हणजे हिरव्याचे आकडे बदलणं असं आपण समजतो, पण मोठा फायदा असतो तो कुणाला कुणाबरोबर सोडायचं या निर्णयात.

यासाठी जागा मात्र हवी. उजवीकडे वळणारे सरळ जाणाऱ्यांच्या रांगेतच अडकून राहिले तर सगळं गणित कोसळतं. मेट्रोचे खांब जिथे दुभाजकात आले आहेत, तिथे वळणाऱ्यांची वेगळी रांग आखणं अवघड होतं. वर्धा रोडवर खाली रस्ता, वर उड्डाणपूल आणि त्याच्याही वर मेट्रो असा ३.१४ किलोमीटरचा दुमजली पूल आपण बांधला आणि गिनेस विश्वविक्रमात नोंदवला. सरळ जाणारी रहदारी त्याने वर उचलली हे खरं. पण वळणारी रहदारी खालीच राहिली, आणि तिचा प्रश्न जमिनीवरच्या सिग्नलनेच सोडवायचा आहे.

पायी चालणाऱ्याचे सेकंद

एका वेळी एक बाजू सोडण्याच्या पद्धतीत पायी चालणाऱ्याचं काय होतं ते एकदा चौकात उभं राहून बघा. तुम्हाला उत्तरेकडच्या तोंडावर रस्ता ओलांडायचा आहे. उत्तरेकडून येणारी वाहनं लाल दिव्यावर थांबली, म्हणून पहिला अर्धा रस्ता मोकळा. दुसऱ्या अर्ध्यावर चौकातून उत्तरेकडे निघणारी वाहनं आहेत. दक्षिणेला हिरवा असेल तर तिथले सरळ येतात, पूर्वेला असेल तर तिथले उजवीकडे वळून येतात, पश्चिमेला असेल तर डावीकडे वळून. तो अर्धा मोकळा होतो तो उत्तरेला हिरवा लागल्यावर, आणि तेव्हा पहिला अर्धा वाहत असतो. म्हणजे संपूर्ण फेरीत दोन्ही अर्धे एकाच वेळी कधीच निर्धोक मोकळे नसतात. वरून डावं वळण बिनसिग्नलचं ठेवलं की पहिल्या अर्ध्याचाही भरवसा उरत नाही. पायी माणूस बेशिस्तीने मधूनच पळतो, असं आपण म्हणतो. त्याला पळायला लावणारं हे वेळापत्रक आहे.

उपाय दोन आहेत. एक, फेरीतून एकदा सगळ्या वाहनांना लाल आणि सगळ्या पायी चालणाऱ्यांना हिरवा. दुसरा, दुभाजकावर थांबायला पुरेशी रुंद, उंच कडांची जागा, म्हणजे रस्ता दोन टप्प्यांत ओलांडता येतो. सेकंद किती? आपल्याकडचा हिशोब सेकंदाला १.२ मीटर चालण्याच्या वेगावर करतात. १४ मीटर रस्त्याला १२ सेकंद, आणि पाऊल टाकण्याआधी सावरायला पाच-सात सेकंद. पण मेडिकल चौकात ओलांडणारा माणूस कोण असतो? रुग्णाला धरून नेणारी बाई, काठी टेकत चालणारे आजोबा. त्यांचा वेग ०.८ धरला तर नुसतं चालायलाच साडेसतरा सेकंद. वर आडव्या बाजूंना आलेले १६ सेकंद आठवा. वाहनांसाठी ते पुरेसे होते. त्यात आजोबा रस्त्याच्या मध्यावर अडकतात. शासकीय रुग्णालयाजवळ, शाळेजवळ आणि बाजारात आधी पायी माणसाचे सेकंद ठरवावेत आणि उरलेले वाहनांना वाटावेत, असं मला मनापासून वाटतं. सध्या क्रम उलटा आहे.

एकामागून एक हिरवे

रहाटे कॉलनी चौकातून बर्डीकडे निघालं की लोकमत चौक, पंचशील, झाशी राणी, व्हरायटी चौक असे चौक ओळीने येतात. प्रत्येक ठिकाणी लाल लागला की चिडचिड होते. हे टाळायचं तर पुढच्या चौकाचा हिरवा बरोबर तेवढ्या उशिराने सुरू व्हावा, जेवढा वेळ तिथे पोहोचायला लागतो. ४०० मीटर अंतर, ताशी ३६ किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला १० मीटर, तर ४० सेकंदांनी. याला हरित लहर म्हणतात.

यात एक अट आहे: ओळीतल्या सगळ्या सिग्नलची सायकल सारखी हवी. एकाची १२० आणि पुढच्याची ९० असेल तर दोघांचा मेळ दर ३६० सेकंदांनी, म्हणजे सहा मिनिटांनी एकदाच बसतो. प्रत्येक चौकाची वेळ स्वतंत्रपणे ‘उत्तम’ लावली की ओळ बिघडते ती अशी. दुसरी अडचण उलट दिशेची. जाणाऱ्यांना लावलेली लहर येणाऱ्यांना आडवी जाऊ शकते. ४० सेकंदांच्या अंतरावर ८० ची सायकल असेल तर दोन्ही दिशांना जमतं. पण चौक काही असे मोजून वसलेले नाहीत. त्यामुळे सकाळी बर्डीकडे जाणाऱ्यांना आणि संध्याकाळी परतणाऱ्यांना लहर द्यायची, ही व्यवहारातली तडजोड. आणि लहर आखलेल्या वेगाने जाणाऱ्यालाच मिळते. सत्तरच्या वेगाने पुढच्या चौकात पोहोचणारा लाल दिव्यासमोरच पोहोचतो.

चौक एकमेकांच्या फार जवळ असले की वेगळंच संकट येतं. पुढच्या सिग्नलची रांग मागच्या चौकात येऊन ठेपते, आणि मग तिथला हिरवा दिवा निरुपयोगी होतो: दिवा हिरवा, पण पुढे जायला जागा नाही. तरीही लोक चौकात घुसतात आणि आडवी रहदारीही बंद पडते. अशा वेळी रांग दूरच्या, रुंद रस्त्यावर अडवून ठेवणं शहाणपणाचं असतं. रहाटे कॉलनीला थोडं जास्त थांबावं लागलं तर व्हरायटी चौक वाहता राहतो. तिथे उभ्या असलेल्या माणसाला हा अन्याय वाटतो, पण एकूण प्रवासात त्याचाही वेळ वाचतो.

कॅमेरा आणि ‘एआय’

रहदारी बघून स्वतःच सेकंद बदलणारे सिग्नल नवे नाहीत. ब्रिटनमधली स्कूट आणि सिडनीची स्कॅट्स या पद्धती १९७०च्या दशकातल्या आहेत. त्या रस्त्यात पुरलेल्या तारांच्या वेटोळ्यांवरून वाहनं ओळखतात. लेन न पाळणाऱ्या रहदारीत आणि सतत खोदल्या जाणाऱ्या रस्त्यांत ही वेटोळी टिकत नाहीत, म्हणून आपल्याकडे कॅमेऱ्यांकडे कल आहे. तिरुवनंतपुरमच्या सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेने भारतीय रहदारीसाठी कॉसिकॉस्ट नावाची पद्धत तयार केली आहे. नागपुरातही महापालिकेने कॅमेऱ्यांवर चालणारी एआय सिग्नल यंत्रणा हाती घेतली आहे. मला तिचं स्वागत वाटतं, पण तिच्याकडून अपेक्षा नेमकी हवी. ही यंत्रणा रिकाम्या रस्त्याला दिलेला हिरवा वाचवते. रात्री, दुपारी, रविवारी तिचा फायदा सर्वांत जास्त दिसेल. भारांची बेरीज १ ओलांडलेल्या चौकात ती चमत्कार करू शकत नाही, कारण वाटायला शिल्लक सेकंदच नसतात.

शिवाय आपले उलटे आकडे दाखवणारे टायमर या यंत्रणेशी जुळत नाहीत. सिग्नलने हिरवा मध्येच आखडता घ्यायचं ठरवलं तर टायमरवर २५ वरून एकदम ५ येतं आणि लोकांचा विश्वास उडतो. टायमरचा आणखी एक दोष आहे. लाल संपायला तीन सेकंद उरलेत हे दिसलं की दुचाकी निघतात, आणि हिरवा संपताना मागचे वेग वाढवतात. चौक रिकामा व्हावा म्हणून ठेवलेले ते दोन-तीन सेकंद दोन्हीकडून खाल्ले जातात. अपघाताची जागा नेमकी तीच आहे.

हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत मोर्चे मॉरिस कॉलेज टी-पॉइंटकडे निघाले की कुठलीही यंत्रणा बाजूला ठेवून पोलिसाने हात दाखवणंच योग्य. पुढचा रस्ता बंद आहे हे त्याला माहीत असतं. रोजच्या दिवशी मात्र हाताने चालवलेला चौक बहुधा लांब सायकलकडे झुकतो, कारण पोलिसाला समोरची रांग दिसते आणि ती संपेपर्यंत सोडावीशी वाटते. मागच्या तीन रांगा त्याच्या पाठीकडे असतात.

तुमच्या चौकाबद्दल वाहतूक शाखेकडे लिहायचं असेल तर ‘हिरवा वाढवा’ एवढं लिहू नका. वार आणि वेळ लिहा, कुठली बाजू ते लिहा, आणि ओळीने दहा फेऱ्या बघून दोन आकडे द्या: किती वेळा हिरवा संपला तरी रांग उरली, आणि त्याच दहा फेऱ्यांत किती वेळा दुसऱ्या कुठल्या बाजूचा हिरवा रिकाम्या रस्त्यावर जळत होता. पहिला आकडा मोठा आणि दुसराही मोठा, तर सेकंद हलवून काम होईल. पहिला मोठा आणि दुसरा शून्य, तर रस्त्याच्या तोंडावर काय उभं आहे त्याचा फोटो जोडा.